गंधहीन वायू आणि कथिलाचे कण

आजच्या व्याख्यानाचा विषय नॅनोमीटर मापाचे पदार्थ हा असला, तरी आरंभ एका जुन्याच वायूपासून करणे सोयीचे होईल. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टीत लोखंडाबरोबर एक वायूही तयार होतो आणि त्याचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. त्यातील धूळ काढून तो कारखान्यातच इंधन म्हणून वापरतात. मात्र कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. 12 जून 2014 रोजी भिलाई येथे हा वायू पाण्याच्या पंपगृहात शिरला व सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. अशा ठिकाणी नाकावर विसंबता येत नाही, मग ते कितीही अनुभवी माणसाचे असो.

इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत याच कारणास्तव कॅनरी पक्षी नेत असत. ती प्रथा 1986 पर्यंत टिकली. पक्ष्याचे काम करू शकणारे एक साधन जपानात नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये सिद्ध केले. त्यातील पदार्थ म्हणजे कथिलाचे ऑक्साइड, एक अर्धसंवाहक. हे ऑक्साइड हवेत तापविले असता हवेतील ऑक्सिजन त्याच्या कणांच्या पृष्ठभागास चिकटतो व कणातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे विजेस होणारा रोध वाढतो. कार्बन मोनॉक्साइड आला की तो या ऑक्सिजनाशी संयोग पावून कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. इलेक्ट्रॉन कणात परततात आणि रोध घटतो. ही घट मोजली की वायूचा सुगावा लागतो.

येथे कणाच्या मापाचे महत्त्व ध्यानात येते. इलेक्ट्रॉन गमावलेला थर केवळ 3 नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा असतो. मोठ्या कणात तो फळाच्या सालीसारखा राहतो, आतील गर अबाधित असतो. पण कणच 6 नॅनोमीटरचा केला, तर सालीपलीकडे काही उरतच नाही आणि सबंध कण वायूच्या अधीन होतो. नोबोरू यामाझोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवून दिले, की या मर्यादेखाली संवेदनक्षमता एकाएकी वाढते.

तथापि पोलाद कारखान्यात केवळ तीक्ष्ण संवेदना पुरत नाही. कोक भट्टीच्या वायूत निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो आणि कथिलाचे ऑक्साइड त्यालाही प्रतिसाद देते. पावसाळी हवेतील बाष्पानेही रोध बदलतो. शिवाय संवेदक बहुधा 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. असा निखारा सदऱ्यावर कोण बाळगणार? म्हणून वस्त्रासाठी संशोधक कार्बनच्या नॅनोनलिका, ग्राफीन अथवा संवाहक बहुवारिके यांचा लेप दिलेल्या धाग्यांकडे वळले आहेत. हे धागे साध्या तापमानातही काही वायू ओळखू शकतात. विजेसाठी घर्षणाचाच उपयोग करण्याची कल्पना झोंग लिन वांग यांच्या गटाने 2012 मध्ये मांडली. तीतून मिळणारी वीज थोडी असते. परंतु तापवावे न लागणाऱ्या संवेदकाची गरजही थोडीच असते.

घाम, धूळ आणि धुलाई हे प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सहसा मागाहून विचारले जातात. लेप किती धुलाया टिकेल आणि घामाच्या ओलाव्यात त्याचे मोजमाप किती ढळेल, याचे उत्तर भट्टीवरच मिळू शकेल. भिलाईत भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. भट्टी आणि प्रयोगशाळा एकाच शहरात असण्याचा योग सर्वत्र येत नाही. सध्या जगभर कामगारांच्या खिशाला जे गजर-यंत्र अडकविलेले असते, ते बहुधा विद्युत्-रासायनिक घटावर चालते. त्याला तापवावे लागत नाही आणि साधी बॅटरी त्यास दीर्घकाळ पुरते. नव्या वस्त्राला बरोबरी करावयाची आहे ती या लहानशा डबीशी.