उल्बाचे कोठार : स्वागताध्यक्षीय भाषण



१९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जी पहिली जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षपद ज्या नगरीचे सुपुत्र डॉ. होमी भाभा यांनी भूषविले आणि जिच्या पूर्व किनाऱ्यावर तुर्भ्याचे अणुकेंद्र आजही अहोरात्र जागे आहे, त्या मुंबापुरीच्या वतीने, अणुद्रव्यांच्या रक्षणाचा विचार करण्यासाठी दूरदूरहून आलेल्या आपणां सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

या क्षेत्रात एखाद्याचे आयुष्य कसे घडते, याचा विचार करू लागलो की अमेरिकेचे माजी सिनेटर सॅम नन यांचे चरित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगाच्या ऐन धुमश्चक्रीत हा चोवीस वर्षांचा तरुण वकील जर्मनीतील रामस्टाइनच्या हवाई तळावर होता. युद्ध पेटलेच, तर अण्वस्त्रवाहू विमाने उडविण्याचा हुकूम देण्यास सेनापतीच्या हाती जेमतेम काही क्षण उरतात, हे त्याने तेथे प्रत्यक्ष ऐकले. पुढे १९९१ च्या ऑगस्टात, सोव्हिएत संघातील बंड फसून तेथील अध्यक्ष गोर्बाचेव्ह नजरकैदेतून नुकतेच सुटले असता, नन यांनी मॉस्कोत त्यांची भेट घेतली आणि त्या दिवसांत अण्वस्त्रांवरचा आपला ताबा सुटला होता काय, असे सरळ विचारले. त्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस, विरोधी पक्षाचे रिचर्ड लुगर यांना सोबत घेऊन, सोव्हिएत अण्वस्त्रांच्या बंदोबस्तासाठी ४० कोटी डॉलरपर्यंतची तरतूद करणारा कायदा त्यांनी संमत करवून घेतला. कालच्या शत्रूच्या कोठाराला आपल्या खजिन्यातून कुलूप घालण्यात आपलेच हित आहे, हे स्वदेशीयांच्या गळी उतरविणे, ही माझ्या मते शस्त्रे मोडण्याहूनही बिकट कामगिरी होती. त्या कायद्याच्या साहाय्याने १९९६ अखेर कझाकस्तान, युक्रेन आणि बेलारूस ही तिन्ही माजी सोव्हिएत राष्ट्रे अण्वस्त्रमुक्त झाली.

पण बंदोबस्त केवळ शस्त्रांचाच करायचा नव्हता. कझाकस्तानातील उस्त-कामेनोगोर्स्क येथील उल्बा कारखान्याच्या वखारीत, पाणबुड्यांच्या इंधनासाठी आणलेले आणि नंतर कोणी न विचारल्यामुळे तसेच पडून राहिलेले सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम होते. वीसएक बाँबना पुरेल एवढे ते द्रव्य, आणि त्याच्या दाराला बाजारात मिळते तसले साधे कुलूप! १९९४ च्या शरदात अमेरिकन तंत्रज्ञांनी आठवड्यांमागून आठवडे तेथे तळ ठोकून, डब्यामागून डबा मोजून, पुन्हा बांधून, तो सारा साठा विमानांनी अमेरिकेत नेऊन टेनेसीतील ओक रिजला पोहोचविला.

निवृत्तीनंतर नन यांनी २००१ साली टेड टर्नर यांच्यासह याच कार्यासाठी संस्था उभारली. बाजारात इंधन न मिळाल्यास कोणत्याही राष्ट्राला स्वतः युरेनियम समृद्ध करण्याची गरज पडू नये, म्हणून आंतरराष्ट्रीय इंधनपेढीची कल्पना तिने उचलून धरली, आणि वॉरन बफे यांनी तिच्यासाठी ५ कोटी डॉलर देऊ केले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या त्या पेढीचे उद्घाटन २०१७ च्या ऑगस्टात झाले, तेही त्याच उल्बा कारखान्याच्या आवारात.

आपली निवासाची व भोजनाची व्यवस्था पाहणारे स्वयंसेवक दाराशी तैनात आहेत; काही उणे भासल्यास त्यांना निःसंकोच हाक मारावी. अध्यक्षमहाराजांनी आता आसनस्थ होऊन कामकाजास आरंभ करावा, अशी माझी सविनय विनंती आहे.