हलणारा दात आणि शुगर

तिवसा तालुक्यातला पन्नाशीचा शेतकरी दातांच्या दवाखान्यात येतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगतो, "डॉक्टरसाहेब, हालून राह्यला, काढून टाका." शुगर कधी तपासली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मले काही त्रासच नाही, कायले तपासू?"

मधुमेहाची गोम हीच. तो कित्येक वर्षं दुखत-खुपत नाही. हिरड्या मात्र कुरकुरू लागतात. ब्रश करताना रक्त येतं, पुन्हा पुन्हा गळू होतं, दात ढिले पडतात. साखर वाढली की जंतूंशी लढायची ताकद घटते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञानं १९९३ साली हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. उलटंही खरं आहे. हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर लवकर आटोक्यात येत नाही.

आपल्या वऱ्हाडात घोटाळा करतो तो खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा अन् दिवसभर गालात धरायचा. दात हलले की सगळा दोष त्याच्या माथी मारून रुग्णही मोकळा, आम्ही डॉक्टरही मोकळे! खर्रा दोषी आहेच, पण त्याच्या आडोशाला शुगर बेमालूम लपते.

बऱ्याच दवाखान्यांत ग्लुकोमीटर असतो. दात काढण्याआधी "शुगर आहे" म्हणणाऱ्याचं बोट आम्ही टोचतो. म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याचीच तपासणी, आणि ज्याला ठाऊक नाही तो सुटला. हे मला उफराटं वाटतं. तिशी ओलांडलेल्या, हिरड्या बिघडलेल्या, घरात कुणाला शुगर असलेल्या माणसाला आधी विचारायला हवं.

अर्थात, टोचणीच्या एका आकड्यावर मधुमेह ठरत नाही. तो जास्त आला तर प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त द्यायचं. तिथं १२६ किंवा वर, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत ६.५ टक्के किंवा वर आकडा आला, तर पुन्हा खात्री करून फिजिशियनकडे जायचं. सरकारी दवाखान्यातही तिशीनंतर शुगरची तपासणी होते.

तिवसा तालुक्यातल्याच मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला दूरदूरचा माणूस येतो. तिथं दंततपासणीचं शिबिर लावणाऱ्यांनी टेबलावर ग्लुकोमीटर ठेवावा, आणि जास्त आकडा आलेल्याच्या हाती कुठं, कधी, उपाशीपोटी जायचं, याची चिठ्ठी द्यावी.