फराळाचा डबा आणि परदेशातील जकात



बारडोलीत करावर बोलायला उभे राहिले की वल्लभभाईंची आठवण टाळता येत नाही. 1928 साली सरकारने या तालुक्याचा शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला. लोकांनी तो भरायचा नाही असे ठरवले. पुढे चौकशी झाली आणि वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. त्या लढ्यातूनच वल्लभभाई ‘सरदार’ झाले. कर किती आहे याच्याइतकेच तो कशावर आहे आणि कोणत्या हिशेबाने आहे, हेही विचारायचे असते, हे या गावाने तेव्हा शिकवले.

आज प्रश्न शेतसाऱ्याचा नाही, चकलीचा आहे. आपल्या तालुक्यातून माणसे आफ्रिका, इंग्लंड, न्यूझीलंड आणि अमेरिकेपर्यंत पोचली. पाटीदारांची घरे तर अर्धी तिकडेच आहेत. तुमच्यापैकी ज्यांचे आजोबा-पणजोबा नोकरीनिमित्त या बाजूला येऊन स्थिरावले, त्यांचीही तिसरी-चौथी पिढी आता परदेशी आहे. तिकडच्या भारतीय दुकानात गोडा मसाला आणि मेतकूट मिळते. पण वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा चढून इथल्या कितीतरी पट भावाने. म्हणून दिवाळी जवळ आली की आपण डबा पाठवतो.

2025 च्या दिवाळीत हा डबाच अडकला. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचे पार्सल आयातकराशिवाय सुटत असे. ती सवलत 29 ऑगस्टपासून बंद झाली. कर कोणी गोळा करायचा हे ठरेना, म्हणून आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची पार्सले थांबवली. 15 ऑक्टोबरला ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मालाच्या किमतीवर 50 टक्के कर पाठवणाऱ्याकडूनच आधी घेण्याची पद्धत आली. खरी घरगुती भेट 100 डॉलरपर्यंत मात्र करमुक्त राहिली.

याचा अर्थ पाहा. डब्यातला माल आठ हजार रुपयांचा असेल, तर त्या वेळच्या भावाने तो 100 डॉलरच्या आत, कर शून्य. माल बारा हजारांचा झाला, तर केवळ वरच्या भागावर नव्हे, सगळ्या किमतीवर कर. म्हणजे 2025 च्या त्या दराने सहा हजार. टपालखर्च वेगळाच. इंग्लंडमध्ये भेटीची मर्यादा 39 पौंड आहे, कॅनडात 60 डॉलर, न्यूझीलंडमध्ये 110 डॉलर. दर बदलत राहतात, म्हणून दर वर्षी टपाल कचेरीत विचारूनच डबा बांधावा.

कराखेरीज दुसरी चाळणी आरोग्याची. इंग्लंडमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे घरीच ठेवा. न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याची वस्तू जाहीर केली नाही, तर जागेवर 400 डॉलर दंड. अमेरिका घरी स्वतः केलेल्या भेटीच्या खाद्यपदार्थाला पूर्वसूचनेतून सूट देते, दुकानातून घेतलेल्याला तीच सूट नाही. आणि डॉक्टर म्हणून सांगतो, फराळात साबुदाण्याच्या गोळ्यांची बाटली सरकवू नका. नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या पाहून कोणताही अधिकारी थांबेलच. आमच्या द्रव औषधांत मद्यार्क असतो, तो विमानटपालाला चालत नाही.

आता अवघड भाग. “किंमत दहा डॉलर लिहा, कोण पाहतो?” असे सुचवणारे गल्लोगल्ली भेटतात. आम्हा जैनांत अचौर्य व्रताचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा एक आहे; राज्याच्या नियमाविरुद्ध देवघेव करणे. म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणे तेवढीच चोरी नव्हे. शिवाय डबा उघडला गेला तर जाब तिकडच्या मुलाला द्यावा लागतो. ज्याच्या प्रेमापोटी पाठवायचे, त्यालाच गुन्हेगाराच्या रांगेत उभे करायचे का?

पण नियम पाळायचा म्हणून तो शहाणा मानायचा, असेही नाही. आयातकराचा हेतू देशातल्या उद्योगाला आधार देण्याचा. आईने तळलेल्या अनारशाने तिकडचा कोणता कारखाना बुडतो? विक्रीचा माल आणि भेट यांत फरक करणारी मर्यादा या देशांत आहे, म्हणजे तत्त्व त्यांना मान्य आहे. वाद फक्त आकड्याचा. तो आकडा महागाईबरोबर वाढावा, एवढे मागणे तिकडे स्थायिक झालेल्या, मत देणाऱ्या आपल्या मुलांनी मांडायला हरकत नाही. 1928 च्या शेतकऱ्यांचे म्हणणेही शेवटी हिशेब पुन्हा तपासा, एवढेच होते.

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात आहे. आपल्या पिढीने नाक्यानाक्यावरची जकात पाहिली, तिच्या रांगा पाहिल्या आणि ती उठलेलीही पाहिली. समुद्रापलीकडचे नाके इतक्यात उठणार नाहीत. तोवर यादी खरी लिहा, वजन नेमके करा, आणि डब्यात सुनेसाठी अनारशाच्या पिठाची कृती लिहून घाला. कागदावर अजून कोणी कर बसवलेला नाही, आणि पीठ तिकडेही भिजते.