पायाखालचा पर्वत

(आर. के. पुरम, दिल्ली येथे पालक व शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी हिमालयाकडे जाण्याचे बेत आखले जातात. कुलू जिल्ह्यातील 'ग्रेट हिमालयन' राष्ट्रीय उद्यान हे मुलांना नेण्यासाठी उत्तम स्थान होय. सुमारे ७५४ चौरस किलोमीटर विस्ताराच्या या उद्यानाचा २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तेथील अरण्यातून जाणत्या मार्गदर्शकाबरोबर चालणे हे एक मोठे शिक्षण आहे. मात्र हे शिक्षण ज्याला घ्यावयाचे आहे, त्याच्या डोळ्यांना पाहण्याचा सराव आधी हवा. असा सराव करण्याजोगा एक पर्वत आपल्या वसाहतीतच आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सेक्टर ७ मधील स्वामिनाथाचे मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला लोक 'मलाई मंदिर' म्हणतात. 'मलै' म्हणजे तमिळ भाषेत डोंगर; दुधावरच्या सायीशी या नावाचा काही संबंध नाही. ज्या टेकडीवर हे मंदिर उभे आहे, ती अरवलीची टेकडी आहे. गुजरातेतून निघून राजस्थान व हरियाणा ओलांडून येणारी ही सुमारे ७०० किलोमीटर लांबीची पर्वतरांग दिल्लीत शिरते आणि वजिराबादजवळ यमुनेच्या काठी संपते. राष्ट्रपती भवन ज्या रायसिना टेकडीवर आहे, तीही याच रांगेचा भाग. दिल्लीकर या सगळ्याला 'रिज' म्हणतात आणि तिच्या बाजूने बसने जाताना तिच्याकडे क्वचितच पाहतात.

मुलांना येथे आणावे आणि प्रथम दगड हातात द्यावा. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला सह्याद्रीचा काळा कातळ ठाऊक असतो. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अरवलीचा हा दगड निराळा आहे. तो फिकट, कठीण व कणीदार असून उन्हात त्यातील अभ्रकाचे कण चमकतात. याला क्वार्ट्झाइट म्हणतात. मूळची ही वाळू होय. पाण्याखाली तिचे थर साचले, त्यांचा वालुकाश्म झाला आणि पुढे प्रचंड दाब व उष्णता यांमुळे त्याचे रूपांतर या खडकात झाले. ही घटना शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. हिमालयाची उभारणी सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली व ती अद्यापि चालू आहे. म्हणजे जो उंच तो तरुण, आणि जो झिजून बुटका झाला तो वृद्ध. मुलांच्या मनातील क्रम येथे उलटा होतो, आणि हा भ्रमणाचा पहिला पाठ आहे: उंचीवरून पर्वताची योग्यता ठरत नाही.

हा पाठ केवळ मुलांपुरता नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकामासंबंधीच्या एका प्रकरणात अरवलीची एक व्याख्या स्वीकारली होती. तिच्यानुसार सभोवतालच्या भूमीपेक्षा किमान १०० मीटर उंच असेल तीच टेकडी 'अरवली' ठरणार होती. देशभर चिंता व्यक्त झाली आणि डिसेंबरअखेर न्यायालयाने स्वतःच त्या निर्णयाला स्थगिती दिली. त्या मापाने मोजले असते तर दिल्लीतील या टेकड्या अरवलीच्या उरल्या नसत्या. पर्वत कशाला म्हणावे, हा प्रश्न असा भूगोलाच्या तासापुरता राहत नाही.

आता दुसरा पाठ झाडांचा. येथून जवळच, वसंत विहारला लागून, अरवली जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरण व दिल्ली विद्यापीठ यांनी ते पूर्वीच्या खाणींच्या उजाड जागेवर उभे केले. मार्गदर्शकासह निसर्गभ्रमण करावयाचे असेल तर यासारखी जागा नाही. भर मे महिन्यात रिजकडे दुरून पाहिले तर पुष्कळशी हिरवाई दिसते, आणि आपल्याला वाटते, केवढे हे वन! मार्गदर्शकाने येथे थांबून विचारावे, की अशा कोरड्या उन्हाळ्यात हे झाड हिरवे कसे राहिले?

ते झाड म्हणजे विलायती कीकर. महाराष्ट्रात आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. ते मूळचे अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आले, आणि राजधानी दिल्लीस हलविल्यानंतर ब्रिटिशांनी रिज झटपट हिरवी करण्यासाठी ते लावले. त्याची मुळे खोल जातात. त्याच्या शेंगा गुरे खातात व शेणावाटे बिया पसरतात. त्याच्या खाली इतर रोपे सहसा तग धरीत नाहीत. अरवलीचा खरा रहिवासी धौ. तो सह्याद्रीतील धावड्याचा सख्खा भाऊ. उन्हाळ्यात त्याची पाने गळून तो राखाडी, जणू मेलेला दिसतो आणि पावसाबरोबर पुन्हा पालवतो. पळस, खैर, सालई हेही येथलेच. म्हणून मे महिन्यातील हिरवेपणा ही येथे आरोग्याची खूण नसून अनेकदा आगंतुकाची खूण असते. हिरवे ते सारे वन नव्हे, हा दुसरा पाठ.

मात्र मार्गदर्शकाने कीकराला खलनायक करू नये. गरिबांच्या चुलींना त्यानेच सरपण दिले आणि त्यावर पक्षीही घरटी करतात. जैवविविधता उद्यानातही तो सरसकट उपटलेला नाही. त्याच्या वरच्या फांद्या छाटून खाली ऊन पोचू दिले आणि त्या उजेडात स्थानिक रोपे लावली. ही रीत मुलांना दाखवावी. निसर्गात दुरुस्ती करावयाची तर धीर लागतो, हे त्यातून कळते.

मग कोणी विचारील, मुळात या खडकावर वन होते याला पुरावा काय? पुरावा दिल्लीच्या दक्षिण सीमेपलीकडे, फरिदाबाद जिल्ह्यात उभा आहे. मांगर बनी नावाच्या त्या दरीत धौचे दाट वन आहे. आसपासच्या गावांतील गुज्जर लोक गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेने तेथली फांदी तोडीत नाहीत. आपल्या कोकणातील व मावळातील देवराया याच जातीच्या, डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. दगड तोच, पाऊसही तेवढाच. फरक पडला तो माणसांच्या निर्णयाने.

असे निर्णय मुलेही घेऊ शकतात. १९७९ साली रिजवरील झाडे वाचविण्यासाठी दिल्लीतील काही विद्यार्थी एकत्र आले. त्यांतून 'कल्पवृक्ष' ही संस्था जन्मली, जिचे काम आज पुण्याहून चालते. पुढे १९९४ साली रिजला राखीव वन घोषित करण्याची अधिसूचना निघाली. ज्यांनी रिज पायांखाली घातली होती, त्यांनाच तिच्यासाठी बोलावेसे वाटले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

भ्रमणाच्या व्यवस्थेविषयी थोडेच सांगतो. तुकडी पंधरा-वीस जणांहून मोठी नसावी. उन्हाळ्यात सूर्योदयालाच निघावे. मोर, नीलगाय, कोल्हा यांपैकी काही दिसलेच पाहिजे, असा हट्ट नसावा. विष्ठा, पिसे व पावलांचे ठसे हेही वाचनाचेच साहित्य आहे. काही तोडू नये. मार्गदर्शकाने झाडाचे नाव सर्वांत शेवटी सांगावे, कारण नाव कळले की मूल वहीत लिहून घेते आणि पाहणे थांबविते. प्रत्येक मुलाने एक झाड निवडून वर्षातून चार वेळा त्याच झाडापाशी यावे. चारही ऋतूंत पाहिलेला एक पळस पन्नास झाडांच्या यादीपेक्षा अधिक शिकवितो.

असे मूल पुढे कुलूच्या त्या उद्यानात गेले, तर ते केवळ 'किती सुंदर' म्हणून थांबणार नाही. हा उतार कोणत्या खडकाचा, हे झाड येथलेच की आणलेले, येथे मेंढ्या चारणाऱ्या व जडीबुटी गोळा करणाऱ्या गावकऱ्यांचे उद्यान झाल्यावर काय झाले, असे ते विचारील. उद्यानाच्या सीमेवरील गावांतील अनेक तरुण आज तेथे मार्गदर्शक आहेत. हा शेवटचा प्रश्न त्यांना विचारला, तर पुस्तकात नसलेली उत्तरे मिळतील.

तेव्हा हिमालयात अवश्य जा. मात्र त्याआधी एखाद्या रविवारी सकाळी, मुलांना घेऊन, शेजारच्या या वृद्ध पर्वताची भेट घ्या. त्याच्यावरून रस्ते गेले, त्याला फोडून खडी झाली, त्याच्यावर आपली घरे उभी राहिली. जे उरले आहे ते राखावयाचे असेल, तर आधी ते ओळखता आले पाहिजे.