एका वाड्यातली बिऱ्हाडं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू नक्की करतेस काय गं?" हा प्रश्न सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारला. म्हणून तेच सांगते.

एका कॉम्प्युटरवर अनेक कॉम्प्युटर चालवायचे दोन मार्ग आहेत. पहिला व्हर्च्युअल मशीनचा: प्रत्येकाला वेगळा बंगला, अंगणात स्वतःची विहीर. दुसरा कंटेनरचा: वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. दारं वेगळी, विहीर मात्र सामाईक. ही विहीर म्हणजे लिनक्सचा कर्नल. कंटेनर थोड्या जागेत मावतात, चटकन सुरू होतात. पण एकानेच पाणी उपसलं तर सगळा वाडा तहानलेला.

२००९ साली डेबियन ५ आलं. त्यात ओपनव्हीझेडचा कर्नल तयार मिळत होता. तो मी आमच्या सर्व्हरवर बसवला. एका ग्राहकाचं काम अडलं, म्हणून त्याच्या कंटेनरची मेमरीची मर्यादा 'तात्पुरती' काढली आणि परत लावायला विसरले. एका रात्री त्याने सगळी मेमरी खाल्ली. शेजारचे सगळे बंद पडले.

सकाळी साहेबांनी कारण विचारलं. "सर्व्हर जुना आहे" म्हटलं असतं तर खपलं असतं. पण आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. उत्तर चुकलं तरी पायऱ्या दाखवणाऱ्याला त्या गुण देत. खाडाखोड करून लपवणाऱ्याला नाही. मी चुकलेली पायरी दाखवली. बोलणी खाल्ली, नोकरी टिकली. तेव्हापासून मर्यादा न लावता मी एकही कंटेनर सुरू केलेला नाही.

पुढे २०१३ च्या डेबियन ७ मधून तो कर्नल गेला. ओपनव्हीझेडचे बरेचसे बदल मूळ लिनक्सच्या बाहेर होते. कर्नलची नवी आवृत्ती आली की ते ठिगळ कुणीतरी पुन्हा शिवायचं. याउलट नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयी मूळ कर्नलमध्येच मिसळल्या होत्या. एलएक्ससी त्यांवरच उभं होतं, म्हणून आम्ही तिकडे वळलो. ओपनव्हीझेडवाल्यांचीही मेहनत वाया गेली नाही. त्यांनी मूळ लिनक्सला जे दिलं, ते आजही तिथे आहे.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. पायऱ्या दाखवायची सवय अशीच आमच्यात मिसळली आहे. ते ठिगळ नाही, म्हणून ती टिकली.