पन्नाशीनंतरची मुळाक्षरं



आयुष्यभर मी अक्षरांच्या सोबतीनं जगलो. आमचं घर चिपळूणजवळच्या एका खेड्यातलं. घरात कोकणी बोली, मदरशात अरबी, शाळेत मराठी. अरबी उजवीकडून वाचायची, मराठी डावीकडून. त्याची कधी अडचण झाली नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो, कविताही मराठीतच लिहिल्या. आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तोक्योत उतरलो, तो निरक्षर होऊनच.

मुलगी इथे नोकरी करते. तिच्याकडे ज्या प्रकारचा व्हिसा आहे, त्यावर सात वर्षांखालचं मूल सांभाळायला आईवडिलांना सोबत राहता येतं. म्हणून आम्ही दोघं निशी-कासाईला आलो. या भागात भारतीय कुटुंबं बरीच आहेत. डाळ, हळद, हलाल मटण मिळतं. पण पाव-बिस्किटं आणायला साध्या दुकानातच जावं लागतं.

"अहो, वाचून आणा हं," पत्नीनं बजावलं. वाचणार काय, कपाळ! इथे पावातही डुकराची चरबी असू शकते. शेवटी मुलीनं कागदावर एक अक्षर काढून दिलं. उच्चार 'बुता', अर्थ डुक्कर, रेघा अकरा. ते दिसलं की पाकीट जागेवर ठेवायचं. गंमत म्हणजे त्या अक्षराचा डावा भाग चंद्राच्या अक्षरासारखा दिसतो. चंद्रावर इतक्या कविता लिहिणारा मी, आता चष्मा सरसावून पाकिटांवर तोच शोधतो आणि सापडला की मागे फिरतो.

दुसरी परीक्षा कचऱ्याची. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, न जळणारा महिन्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद वेगळ्या दिवशी. सगळं सकाळी आठच्या आत ठेवायचं, वर कावळ्यांसाठी जाळी ओढायची. एकदा सगळ्यांच्या पिशव्या गेल्या, आमची तेवढी राहिली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली. मी ती उलटसुलट पाहत उभा राहिलो. शेजारून दप्तरं घेतलेली मुलं जात होती. त्यांनाही ती वाचता आली असती.

त्या क्षणी मला दादी आठवली. तिला वाचता येत नसे. चाचांचं कुवेतहून पत्र आलं की ती ते पदराखाली घेऊन माझ्याकडे यायची. मला खेळायला जायची घाई. मी अर्धं वाचायचो, "बाकी खुशाल आहे" असं ठोकून द्यायचो आणि पळायचो. ती पत्र घडी करून ठेवायची.

समोरच्या घरातल्या आजीबाई बाहेर आल्या. त्यांनी पिशवीतून रिमोटचे दोन सेल काढून माझ्या हातावर ठेवले, कमरेत वाकल्या आणि आत गेल्या. रागाचा एक शब्द नाही.

नातवाच्या खोलीत हिरागाना लिपीचा तक्ता आहे. त्या संध्याकाळी मुलीनं तो मोठ्यानं वाचला. अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या. मी चमकलो. "अब्बा, हा क्रम आपलाच," ती म्हणाली. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास इथे आला आणि त्यावरून हा क्रम लागला. चित्राक्षरं राहू देत, नेहमीच्या वापरातली २,१३६ आहेत. ही ४६ मात्र मी नातवाबरोबर गिरवायला बसलो.

महिन्याभरानं रव्याचे लाडू आणि एक चिठ्ठी घेऊन मी आजीबाईंच्या दारात गेलो. चिठ्ठीत पाचच अक्षरं होती: आरिगातो. म्हणजे आभार. दोन दिवसांनी त्यांनी रिकामा डबा परत केला. आत चार ओळींची चिठ्ठी होती, लहान मुलांसाठी लिहावी तशी, सगळी हिरागानात.

अक्षर अक्षर लावून ती वाचायला मला अर्धा तास लागला. नातू खेळायला ओढत होता. पण या वेळी मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली.