काम सोडलं की कामावरून काढलं?

आम्ही बार्शीटाकळीहून बोलतोय.

आपल्याकडच्या कितीतरी बाया सकाळी डबा बांधून अकोल्याच्या एमआयडीसीत जातात. दालमिलमध्ये, पॅकिंगला, मिळेल तिथे. मग एक दिवस मुकादम म्हणतो, "उद्यापासून येऊ नका." दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, "काहून वं बाई, कामाले नाही गेली?" आणि आपण म्हणतो, "सोडलं बाई काम." 'काढलं' म्हणायची लाज वाटते ना! ओसरीवर बोलताना ठीक आहे. पण तोच शब्द कागदावर गेला की पैसे बुडतात.

आमच्या गटातल्या एका वहिनींचं असंच झालं. सहा वर्षं त्यांनी एका कारखान्यात डाळ निवडली. काम कमी झालं तेव्हा हिशेबाच्या दिवशी कागद पुढे आला, "सही करा, मग पगार." वहिनींनी सही केली. गटाचा हप्ता दोनदा थकला तेव्हा आम्ही घरी गेलो आणि कागद पाहिला. त्यावर होतं, 'घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे.' वहिनींच्या घरी तेव्हा कुठलीच अडचण नव्हती. अडचण तर काम गेल्यावर आली.

आता यात गेलं काय, ते ऐका. वहिनींच्या पगारातून ईएसआय कटत होतं. 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर शंभर रुपयांमागे 75 पैसे आपले कटतात आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. आपल्याला ते दवाखान्याचं कार्ड म्हणून माहीत. पण त्यातच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. काम गेलं तर सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदा. रोज 400 असेल तर 90 दिवसांचे 18,000 होतात. गटाचे किती हप्ते निघतील, तुम्हीच मोजा.

अटी आहेत. विमा निदान दोन वर्षांचा हवा. काम जाण्याआधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचा भरणा हवा, आणि त्याच्या मागच्या तीन सहामाहींपैकी एकीत तेवढाच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनामुळे काढलं किंवा आपण स्वतःहून सोडलं, तर काही मिळत नाही. वहिनी अडकल्या त्या इथे. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलं आहे, म्हणून आधी ईएसआयच्या कार्यालयात चौकशी करा. फक्त सरकी काढणाऱ्या हंगामी जिनिंगला हा कायदाच लागू नाही, तेही लक्षात ठेवा.

खरंच आपण सोडलं असेल तर तसंच सांगा, खोटं लिहू नका. पीएफचे पैसे राजीनामा दिला तरी आपलेच असतात. आणि दिवस गेले म्हणून काम सोडणाऱ्या सुनांनो, थांबा! पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे भरपगारी रजा आहे. आधी विचारा, मग सोडा.

वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर "घरी दाखवून आणते" म्हणा. कामाच्या हजेरीचा पगार हा आपला हक्क आहे, तो राजीनाम्याच्या सहीवर अवलंबून नाही. येऊ नका म्हणाले, तर त्याच दिवशी तारीख टाकून साध्या कागदावर लिहा: मला अमुक माणसाने आजपासून कामावर येऊ नका असं सांगितलं. एक प्रत मालकाला द्या, पोच घ्या. पोच देत नसेल तर पोस्टाने रजिस्टर करा. पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचा नंबर, आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत ठेवा. काम गेल्यापासून 30 दिवस झाले की अर्ज करता येतो.

रोजगार हमीचा बेकारी भत्ता वेगळा, त्यावर पुढच्या वेळी बोलू.

वहिनींचे पैसे आम्हाला मिळवून देता आले नाहीत. पण त्यांच्याच सोबतच्या एका ताईने गेल्या महिन्यात त्या कागदावर सही केली नाही. त्यांचा 30वा दिवस येत्या सोमवारी आहे. आम्ही दोघी त्यांच्यासोबत अकोल्याला जाणार आहोत, आणि वहिनीही येते म्हणाल्या.